उरुशी उतली

जळाऊ कचऱ्याच्या दिवशी सकाळी बिरुते आपली पिशवी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर गेली, कावळ्यांसाठी घातलेली हिरवी जाळी तिने उचलली, आणि जाळीखालच्या दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत तिला आपला वाडगा दिसला. पिशव्या पारदर्शक असायच्या. कुणी काय खाल्लं, काय टाकलं ते सगळ्या गल्लीला दिसावं अशाच. संत्र्यांच्या जाड साली, चहाचा चोथा, कोबीचे दांडे आणि त्यांच्यात कलंडलेला तो वाडगा. बाहेरून काळा, आतून तांबडा. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. बुडाच्या कडेला ब्रश उचलताना तिचा हात किंचित अडखळला होता, तिथे एक बारीकसा फुगवटा राहून गेला होता. तो तिने स्वतःच्या अंगावरच्या तिळासारखा ओळखला. पिशवीला सशाच्या कानांसारखी गाठ होती. अशी गाठ गल्लीत एकच बाई मारायची, शेजारच्या मियाताके-सान.

तिला वाईट वाटलं नाही, निदान आधी नाही. आधी कान तापले, मग मान. आपल्या आधी पाचसहा घरांनी इथे पिशव्या आणून ठेवल्यात, म्हणजे पाचसहा जणांनी हे पाहिलंय, हे तिच्या लक्षात आलं. या गल्लीत असले वाडगे कोण करतं हे जपानमधल्या ताकामात्सू शहराच्या या एवढ्याशा भागात कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यांनी पाहिलं असेल, मान खाली घातली असेल आणि जाळी नीट ओढून घेऊन निघून गेले असतील. ते नीट ओढून घेणंच तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग तिने स्वतःची पिशवी खाली ठेवली, सशाचे कान सोडले आणि आत हात घातला. चहाचं थंड पाणी मनगटावरून बाहीत गेलं. वाडगा हाताला लागला तोच मागून आवाज आला.

"ओहायो, बीरु-सान! काही हरवलं का?"

गल्लीच्या मंडळाचे प्रमुख त्सुकुदा-सान कुत्र्याला फिरवत होते. तिचं नाव त्यांनी पहिल्या दिवसापासून बीरु असंच घेतलं होतं, बीरु म्हणजे बियर. "तुमचं नाव ऐकलं की तहान लागते बघा," हा त्यांचा विनोद तिने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकला होता, की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिचं हसू तयार असायचं. आजही ते आलं, आणि ते आल्याचा तिला राग आला.

"नाही, नाही. चुकून..."

"चुकून. हो, हो. चुकून होतं असं." त्यांनी तिच्या ओल्या हाताकडे पाहिलंच नाही. कुत्र्याकडे पाहिलं. "चल रे. थंडी गेली म्हणायची," असं कुत्र्यालाच म्हणाले आणि गेले. तिला गाठ पुन्हा तशी मारता आली नाही. तिने पिशवीचं तोंड नुसतं पिळून ठेवलं आणि वाडगा कोटाखाली धरून, चोरासारखी, स्वतःच्या घरात शिरली.

घर म्हणजे खाली एक खोली आणि वर एक. वरची खोली कामाची. रोज सकाळी तिथे शिरताना ती लोकरीचे कपडे उतरवून नायलॉनचा जुना अंगरखा चढवायची, केस बांधायची, जमीन ओल्या फडक्याने पुसायची आणि धूळ खाली बसेपर्यंत जिन्यात उभी राहायची. मग वाडगे वाळवायच्या लाकडी खोक्यातलं फडकं पुन्हा ओलं करायचं, कारण वाडग्यांवर चढवलेली उरुशी इतर रंगांसारखी कोरड्या हवेत वाळत नाही. तिला दमट हवा लागते, तेव्हा ती घट्ट होते. हा उरुशीच्या झाडाचा चीक. आपल्याकडे बिब्बा उततो तसाच अंगावर उततो, फोड येतात, डोळे सुजतात. बिरुतेने पहिलं वर्ष सुजलेल्या चेहऱ्याने काढलं होतं. बालवाडीत ती इंग्रजी शिकवायची. ती लिथुआनियाची आहे, इंग्रजी तिलाही शिकावंच लागलं होतं, याची तिथे कुणाला अडचण नव्हती. त्या वर्षी तिथल्या बायकांनी मुलांच्या कार्यक्रमात तिला मागच्या रांगेत बसवलं होतं. मग हळूहळू उतणं थांबलं. त्यावर तिने इंटरनेटवर लिहिलं होतं, तिच्या त्या पानावर, जिथे ती आपलं रोजचं काम, गाळलेली उरुशी, बायकांच्या केसांपासून केलेला चपटा ब्रश, खिडकीतला उजेड, असं सगळं टाकत असे. ‘या मातीने अखेर मला आपलं म्हटलं,’ असं लिहिलं होतं. हॉलंडच्या, कॅनडाच्या बायकांनी त्याखाली फुलं आणि हृदयं चिकटवली होती. सगळ्यांत जास्त फुलं मात्र एका दुसऱ्याच फोटोला मिळाली होती. त्या फोटोत मियाताके-सानचे सुरकुतलेले हात होते, हातांत हा वाडगा, वाडग्यातून वाफ येत होती. ‘माझी म्हातारी शेजारीण रोज सकाळी माझ्याच वाडग्यातून सूप पिते.’ रोज! फोटो काढला त्या दिवशी ती एकदा प्यायली होती. रोजचं बिरुतेने आपल्या मनाने घातलं होतं, आणि घालून झाल्यावर ते तिला खरंच वाटू लागलं होतं.

त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. वाडगा धुतला, पुसला, टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिली. कुठे चीर नव्हती, टवका नव्हता. म्हणजे नुसता नकोसा झाला म्हणून टाकला. मग तिच्या मनाने एकेक गोष्ट बाहेर काढून उलटी करून पाहायला सुरुवात केली. मियाताके-सान दारात आणून द्यायची ते सोया सॉसात मुरवलेले वाल. तिला वाटायचं प्रेमाने देते, आता वाटलं, परतफेड करत होती. मी काही दिलं की आठवड्याच्या आत काहीतरी यायचंच, जरा मोठंच यायचं, म्हणजे हिशेब मिटावा आणि बाई दारातून जावी. "अगं बाई, पुन्हा? कशाला एवढी तसदी?" असं ती हसत म्हणायची, ते मी नम्रतेने म्हटलेलं समजत होते. ती खरोखरच विचारत होती, कशाला? गेल्या काही आठवड्यांत ती तोंडाला मास्क लावून असायची, समोरून आली की रस्ता ओलांडायची. देवदाराच्या परागांचे दिवस, अर्धं गाव मास्क लावून शिंकत होतं, म्हणून तेही खटकलं नव्हतं. खोटारडी, बिरुते स्वतःशी लिथुआनियनमध्ये म्हणाली. त्या भाषेत तो शब्द इतक्या दिवसांनी आला, की तो उच्चारताना तिला आपल्या आईचा आवाज ऐकू आला. आईने तो शब्द वडिलांना वापरला होता. वडील कौनसच्या फर्निचर कारखान्यात रोगणाच्या विभागात होते. दिवसभर कपाटांवर, पलंगांवर फवारा मारायचे. तिथल्या वाफा छातीत बसायच्या म्हणून कारखाना त्या माणसांना रोज दूध द्यायचा. ते प्यायचं सोडून वडील बाटली कोटात घालून घरी आणायचे आणि सांगायचे, मी माझं प्यालो, हे जास्तीचं मिळालं. बिरुते ते दूध प्यायची. काचेलाही रोगणाचा वास असायचा. वडील खोकत खोकत म्हणायचे, "घाण आहे ती सगळी. चकाकते एवढंच." आणि तीच चकाकी शोधत त्यांची मुलगी जगाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. इथे तिला घाण म्हणत नाहीत, हातांना नमस्कार करतात, असं तिने ऐकलं होतं. वडिलांवर सूड घ्यायला आपण आलो की त्यांची बाजू घ्यायला, हे तिला कधीच धड ठरवता आलं नव्हतं.

चारपाच दिवसांनी, दुपारी, दारावरची घंटा वाजली. मियाताके-सान. मास्क लावलेली, हातात मंडळाची फिरती फळी. सूचनांचे कागद त्या फळीला लावलेले असत आणि ती घराघरांतून पुढे सरकत असे. मियाताकेंच्या घरानंतर बिरुतेचं घर.

"हे तेवढं बघून पुढे द्या," मियाताके-सान म्हणाली आणि वळली.

बिरुतेने उभ्याउभ्याच वाचलं. नाल्यांची सफाई रविवारी. वृद्धांच्या सहलीसाठी नावं द्यावीत. आणि खाली, नवीन ओळ: दुसऱ्यांच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडण्याचे प्रकार घडत असल्याचं दिसून आलं आहे. कृपया सर्वांनीच काळजी घ्यावी. ते ‘सर्वांनीच’ वाचताना तिला हसू आलं, ते वाईट हसू होतं, आणि तिने ते आवरलं नाही.

"मियाताके-सान. हे माझ्याबद्दल आहे."

"छे छे. सगळ्यांनाच आहे ते."

"मी तुमची पिशवी उघडली. माझा वाडगा त्यात होता."

मियाताके-सान थांबली. पायऱ्यांवर तिचा एक पाय खाली, एक वर. "असं का," एवढंच म्हणाली.

"तुम्हाला नको होता तर सांगायचंत. मी परत घेतला असता. कचऱ्यात, त्या सालींमध्ये... लोकांनी पाहिला. मी किती महिने घालवले त्यावर माहितीये तुम्हाला?"

"माहिती नाही," म्हातारी म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता, मऊपणा वरून खरवडून काढल्यासारखा होता. "मला कसं माहिती असणार? मी मागितला होता का?" आणि मग तिने मास्क खाली ओढला.

ओठांच्या भोवती, नाकाखालून हनुवटीपर्यंत, कातडी लाल, सोललेली, मध्येच पिवळ्या खपल्या. खालचा ओठ एका बाजूने अजून सुजलेला. बिरुतेला काय ते चटकन कळलं. तिच्या स्वतःच्या तोंडावर पहिल्या वर्षी असंच होतं. कच्ची उरुशी. वाळलेली दिसणारी, पण आतून न पिकलेली. गरम सूप ओतलं की ती सुटते.

"हे केव्हापासून?"

"तुम्ही फोटो काढलात ना, त्याच्यानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी. मला वाटलं वयाने काहीतरी झालं असेल. मग पुन्हा त्यातूनच प्यायले." ती हसली, पण ओठ दुखल्यामुळे हसू अर्धंच झालं. "दोनदा मूर्खपणा केला."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुमच्या वाडग्याने माझं तोंड भाजलं म्हणून सांगू? मग तुम्ही रडणार. मग मिठाईचा डबा घेऊन येणार. मग त्या डब्याचं मी काहीतरी करायचं. मला जमत नाही आता ते, बिरुते-सान. मी थकले." तिने मास्क पुन्हा वर चढवला. "आणि नात मला दाखवत होती, ते तुमचं इंटरनेटचं. माझे हात आहेत तिथे. ही म्हातारी रोज माझ्या वाडग्यातून पिते. तिकडचे लोक म्हणतायत, किती सुंदर. माझ्या तोंडाकडे कुणी पाहिलं का? हातांचे फोटो काढायचे बरे असतात. हात काही बोलत नाहीत."

बिरुतेने वाकून क्षमा मागितली. मागताना तिला जाणवलं, की आपण बरोबर तेवढंच वाकलोय जेवढं इथे वाकतात, शिकवल्यासारखं, सुबक. मियाताके-सान त्या वाकलेल्या पाठीकडे क्षणभर पाहत राहिली असावी. मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

रात्रभर तिला झोप लागली नसती तर बरं झालं असतं, पण ती झोपली, गाढ झोपली, आणि जागी झाली ती राग घेऊनच. राग मियाताके-सानचा नव्हता आता, तो तिथून सरकून तिच्या उरुशीच्या गुरूंवर, सोगो-सेन्सेईंवर गेला होता. शनिवारी त्यांच्याकडे शिकवणी असे. गावाबाहेरच्या त्यांच्या घरी जायला दोन डब्यांची गाडी होती. खिडकीबाहेर गव्हाची शेतं, तळी, आणि नूडल्सच्या दुकानांपुढे सकाळीच लागलेल्या रांगा होत्या. तिला यातलं काही आज सुंदर वाटायला नको होतं, आणि ते सुंदर वाटत राहिलं, त्याचीही चीड आली. ती सेन्सेईंकडे इतकी वर्षं जात होती. त्यांच्याकडे ती आणि नाकाई-सान अशा दोघीच उरल्या होत्या. नाकाई-सान बँकेतून निवृत्त झालेली, बारीक, घाबरट बाई. सेन्सेई तिला बोलायचे. "हा ट्रे आहे की चिखलात लोळलेली फळी?" असं म्हणून नखाने ओरखडा ओढायचे आणि महिन्याचं काम पुन्हा घासायला लावायचे. नाकाई-सान मान खाली घालून घासायची. तिच्या नाकाचं टोक लाल व्हायचं. आणि मग ते बिरुतेकडे वळायचे, तिचं काम उजेडात फिरवून पाहायचे आणि म्हणायचे, "छान. फारच छान." नाकाई-सानसमोर म्हणायचे, म्हणून तिला ते दुप्पट गोड लागायचं. किती वर्षं ते गोड लागलं! हा वाडगासुद्धा त्यांनी असाच फिरवून पाहिला होता. त्या फुगवट्यावर त्यांचा अंगठा थांबला होता, तिने पाहिलं होतं थांबलेला. तिने विचारलं होतं, नव्या वर्षाची भेट म्हणून देऊ ना? "छान भेट होईल," असं ते म्हणाले होते.

तिने नमस्कार केला, बसली, आणि फडक्यातून वाडगा काढून त्यांच्यापुढे ठेवला. मियाताके-सानच्या ओठांचं सांगितलं. सेन्सेईंनी वाडगा उचलला, नाकाजवळ नेला, आतल्या तांबड्यावर अंगठा फिरवला.  मागे नाकाई-सान चहा ओतत होती, तिचा हात थांबला.

"हिवाळ्यात खोकं कोरडं पडतं," ते शेवटी म्हणाले. "अवघड असतं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"शेजारीणबाईंना बरं वाटतंय ना आता?"

"सेन्सेई. तेव्हाच कळलं होतं की नाही?"

ते किंचित हसले. हे हसू तिला माहीत होतं. परदेशी पाहुण्याने चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचल्या की माणसं असं हसतात. "बिरुते-सान, तुम्ही किती लांबून आलात. तुम्हाला मनापासून आवड आहे. आवड फार मोलाची."

आवड. हा शब्द त्यांनी याआधी कितीदा वापरला होता, आणि ती तो अंगावर शालीसारखा घेऊन घरी जात होती. आता तो उलगडून पाहिला तर त्याच्या आत काहीच नव्हतं. आवड असलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही. आवड असलेल्या माणसाच्या हातून दुसऱ्याचं तोंड भाजलं तरी.

"मला रागवा," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला होता, आणि त्या घरात आवाज मोठा झाला की कागदी दारंसुद्धा ऐकतात असं वाटतं. "नाकाई-सानना रागावता तसं रागवा. हे घाणेरडं काम आहे म्हणा. ओरखडा काढा."

"नाकाई-सान शिकायला येतात," सेन्सेई म्हणाले.

त्यांनी ते सहज म्हटलं. त्यात दुखवायचा हेतू नव्हता, हेच भयंकर होतं.

"आणि मी?"

ते वाडगा फडक्यात गुंडाळू लागले, चारी टोकं नीट जुळवून. त्या जुळवण्यातच उत्तर होतं. बिरुते उठली. भिंतीशी सेन्सेईंचं कपाट होतं, आत ओलसर हवा कोंडून ठेवलेलं, ज्याचं दार त्यांच्याशिवाय कुणीही उघडायचं नाही. धूळ जाते. प्रदर्शनासाठी केलेलं मोठं झाकण काल शेवटचा हात देऊन आत ठेवलंय, हे नाकाई-सानने तिला आल्याआल्या दबक्या आवाजात सांगितलं होतं. तिने दार सरकवलं. आत अंधार, ओल्या लाकडाचा वास, आणि त्या अंधाराहूनही काळं असं काहीतरी, ज्यात उघड्या दाराचा उजेड पाण्यात पडावा तसा पडला. तिने हात पुढे केला आणि तर्जनी बरोबर मध्यभागी टेकवली. उरुशी अजून ओली होती. तापवलेल्या दुधावरच्या सायीत बोट घालावं तसं वाटलं, वरचं पातळ काहीतरी फाटलं आणि खालचं गार, चिकट बोटाला बिलगलं.

नाकाई-सानने श्वास ओढला. 

तिने वळून सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन गेलं, जबडा हलला, आणि तिला वाटलं, आलं, आता येतं. तिने खांदे आत घेतले, मार खाणारं मूल घेतं तसे. सेन्सेई उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. कपाटाकडे आले, आत वाकून पाहिलं, आणि दार हळूच, शेवटच्या बोटभर अंतरावर आणखी हळू करत, बंद केलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "घासून पुन्हा हात देता येईल."

मग ते तिच्यासमोर बसले, दोन्ही तळहात चटईवर ठेवले आणि वाकले. तिला आजवर कुणी इतकं वाकलं नव्हतं. "इतकी वर्षं, इतक्या लांबून, येत राहिलात. मनापासून आभारी आहे."

येत राहिलात. इथल्या क्रियापदांचे काळ तिला आता चांगले समजत होते.

बाहेर चपला घालताना तिचा पट्टा लागत नव्हता. नाकाई-सान मागून आली, बिरुतेचे ब्रश आणि अंगरखा तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. पुडकं दोन्ही हातांनी पुढे केलं.

"बोटाला तेल लावा लगेच," ती पुटपुटली. मग मान वर न करता म्हणाली, "सेन्सेई ते झाकण दोन वर्षं करतायत. तुम्हाला शिव्या हव्या होत्या. माझ्या वाट्याच्या तुम्हाला दिल्या असत्या मी, आनंदाने. मी गाडीत रडत घरी जाते दर शनिवारी. ते तुमच्या फोटोंत येत नाही." तिचा आवाज शेवटपर्यंत अदबीचा होता. दार बंद करण्याआधी तिने रीतीप्रमाणे सांगितलं, "सांभाळून जा."

बोटाला तिने तेल लावलं नाही. गाडीत ती ते बोट समोर धरून बसली. हवेने ते आधी तपकिरी झालं, मग काळं. समोरची शाळकरी मुलगी बघत होती आणि बिरुतेने तिच्याकडे पाहिलं की खिडकीबाहेर बघू लागायची. स्टेशन यायच्या सुमारास तिने विसरून त्याच हाताने डोळा चोळला. रडली नव्हती, नुसता डोळा चुरचुरला होता. घरी येऊन तिने पहिलं काम काय केलं असेल, तर तो हातांचा फोटो काढून टाकला. काढताना विचारणा आली, नक्की का? हो म्हटलं. खाली लगेच एका हॉलंडच्या बाईने विचारलं, तो सुंदर फोटो कुठे गेला? बिरुतेने पान बंद केलं.

सोमवारपर्यंत बोट सुरईसारखं फुगलं, हातावर पुरळाच्या माळा उठल्या आणि उजवा डोळा मिटला तो उघडेना. बालवाडीला तिने फोन केला. मुलं घाबरतील म्हणून, म्हणाली, आणि पलीकडून आलेला सुटकेचा सुस्कारा तिला ऐकू आला. बाजारपेठेजवळ एक त्वचेच्या डॉक्टरांचा छोटासा दवाखाना होता. आत शिरली तर बाकावर शेजारीपाजारीच बसलेले, त्सुकुदा-सानची बायको, भाजीवाल्याचे वडील. तिच्या तोंडाकडे पाहून सगळ्यांनी एकदम मासिकं उघडली. तिला आत बोलावलं. डॉक्टर पन्नाशीचे, गप्पिष्ट होते. मधे नुसता पडदा होता, पलीकडच्या बाजूला नर्स कुणाला तरी मलम लावत होती.

"अरेरे! हे बघा," डॉक्टर तिचा हात उलटसुलट करत म्हणाले. "हे तर झाडाच्या चिकाचं दिसतंय. तुमच्याच गल्लीतल्या एक बाई येतात, त्यांचंही हुबेहूब असंच. त्या म्हणाल्या, मुलाने आंबे पाठवले होते. आंब्याच्या सालीनेही असं उततं. तुम्हीही आंबाच खाल्लात की काय? गल्लीत आंब्याची लागण झालेली दिसते!" आणि ते आपल्याच विनोदावर हसले. बाकावरचंही कुणीतरी हसलं.

बिरुतेला एकदम कळलं. आंबा. म्हातारीने तिचं नाव घेतलं नव्हतं, डॉक्टरांपुढेसुद्धा. तोंड सोललेलं असताना बसून आंबे शोधून काढले होते. बिरुतेच्या छातीत काहीतरी भरून आलं, आणि तिला वाटलं, आता तरी आपण नीट वागावं, सरळ, खरं. शनिवारपासून ती खऱ्यासाठी तडफडत होती.

"आंबा नाही, डॉक्टर," ती म्हणाली. पडद्याबाहेर जाईल अशा आवाजात म्हणाली, कारण लाजून पुटपुटणं तिला आता भ्याडपणाचं वाटत होतं. "उरुशी. त्यांनाही माझ्यामुळेच झालं. मी केलेला वाडगा कच्चा होता, तो मी त्यांना दिला. मियाताके-साननी मला वाचवण्यासाठी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाहेर मासिकाचं एक पान उलटलं आणि मग तेही थांबलं. पडदा सर्रकन बाजूला झाला. मियाताके-सान उभी होती. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत पांढरं मलम थापलेलं, मास्क एका कानाला लोंबतोय, हातात पर्स. नर्स मागे कापसाचा बोळा धरून तशीच उभी.

"तुला कुणी विचारलं होतं गं?" मियाताके-सान म्हणाली.

डॉक्टर उठायला लागले. "आजी, जाऊ द्या..."

"तुम्ही बसा. तुला विचारलं होतं का कुणी? मी आंबा म्हटलं होतं ना? मग आंबा म्हणायचं! सगळ्या गावासमोर मला खोटारडी ठरवलीस. आता ती त्सुकुदाची बायको घरी पोचायच्या आत सगळीकडे झालेलं असेल. आधी तोंड भाजलंस, मग पिशवी उकरलीस, आणि आता हे. बारा गावचं पाणी प्यालीस, पुस्तकं वाचलीस, वाकायला शिकलीस, आणि एवढं साधं कळू नये? गप्प बसायचं असतं! गप्प! ते येत नाही तुला. एवढं एक येत नाही!" मलमाचा एक ठिपका उडून बिरुतेच्या गुडघ्यावर पडला.  रागाने तिच्या सगळ्या सुरकुत्या ताणल्या गेल्या होत्या आणि ती वीस वर्षांनी लहान दिसत होती.

 बिरुतेचा एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्याने ती पाहत होती. वाकावं असं तिच्या मनात आलं, पाठीच्या कण्यात ती हालचाल सुरूही झाली, आणि तिने ती थांबवली. पुन्हा क्षमा मागितली तर पुन्हा मिठाई, पुन्हा वाल. काय करायचं ते तिला या बाईने आत्ताच सांगितलं होतं, इतक्या वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं इतक्या स्पष्टपणे सांगितलं होतं.

ती डॉक्टरांकडे वळली.

"आंबा," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "आंब्यानेच झालं. आम्हा दोघींना. मी मघाशी चुकीचं बोलले. मला अजून भाषा नीट येत नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मियाताके-सानकडे. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं.

"कच्चा की पिकलेला?" त्यांनी विचारलं. तोंडावरची रेषही हलली नाही.

"कच्चा," बिरुते म्हणाली.

मियाताके-सानने मास्कची दुसरी दोरी कानाला अडकवली, मलमावरून मास्क दाबून बसवला आणि डॉक्टर लिहीत असलेल्या कागदाकडे मान वाकवून, ते नीट लिहिताहेत ना, याची खात्री होईपर्यंत ती तिथून हलली नाही.